बायोस अपडेट अर्धवट राहिले? बोर्ड लगेच भंगारात काढू नका

अनगोळ : वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि करंट जातो. नेमके त्याच वेळी संगणकाचे बायोस अपडेट चालू असेल, तर मशीन नंतर उठतच नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो. स्क्रीन मात्र काळीच. उद्यमबागेतल्या एखाद्या छोट्या कारखान्याची बिले आणि जीएसटीचा हिशेब त्याच संगणकात असेल, तर मालकाच्या पोटात गोळाच येतो. त्यात 'बोर्ड गेला, नवा घाला' असा सल्लाही लगेच मिळतो. पण तो नेहमी खरा नसतो.

नेमके काय बिघडते?

बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम. तो हार्डडिस्कवर नसतो. मदरबोर्डवरच्या, बहुधा आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असतो. अपडेट करताना जुना प्रोग्राम पुसून नवा लिहिला जातो. मध्येच करंट गेला की चिपमध्ये धड जुना राहत नाही, धड नवा येत नाही. बोर्ड जळालेला नसतो, त्याला सुरू कसे व्हायचे तेवढे कळत नाही. टॅलीचा डेटा हार्डडिस्कवर असतो, त्यामुळे तो सहसा शाबूत राहतो. मात्र बिटलॉकर चालू असेल तर दुरुस्तीनंतर ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती आधीच लिहून ठेवलेली बरी.

आधी घरचा उपाय

बोर्डवरचा नाण्यासारखा सेल काढून बसवल्याने सेटिंग मूळपदावर येते. पुसलेला प्रोग्राम परत येत नाही. त्यासाठी अनेक कंपन्यांनी वेगळी सोय ठेवली आहे. गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर दुसरी, राखीव बायोस चिप असते. आसुस आणि एमएसआयच्या काही बोर्डांवर पेनड्राइव्हमधून बायोस भरणारे स्वतंत्र बटण असते. एचपीच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज आणि बी, तर डेलच्या अनेक मॉडेलवर कंट्रोल आणि एस्केप ही बटणे दाबून रिकव्हरी सुरू होते. फाइल मात्र कंपनीच्या साइटवरून, अगदी त्याच मॉडेलची घ्यावी.

मग कारागीर

हे जमले नाही तर चिपवर क्लिप लावून किंवा ती काढून प्रोग्रामरने बायोस लिहिता येतो. सीएच३४१ए हा त्यातला स्वस्त आणि सर्रास वापरला जाणारा प्रोग्रामर. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काही चिप ३.३ ऐवजी १.८ व्होल्टच्या असतात. जास्त व्होल्टेज दिल्यास त्या जळू शकतात. दुसरे, चिपमधला जुना मजकूर आधी कॉपी करून ठेवायला सांगावे. लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि विंडोजची की बहुधा त्यातच असते.

अपडेटआधी

डेटाची कॉपी काढा. डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा. विंडोज अपडेटसोबतही कधी कधी बायोस येते, हे लक्षात असू द्या. अपडेट चालू असताना स्क्रीन काही मिनिटे काळी राहते, मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होते. 'अडकले वाटते' म्हणून घाईने बटण दाबू नका. करंट न जाताही बरेच बोर्ड असेच बसतात.