मॉनिटर नवा, चित्र मात्र अंधुक : दोष कोठे शोधावा?

पंचायतीचे कार्यालय असो, शाळेची संगणकखोली असो वा मामलेदार कचेरी असो, पडद्यावरची अक्षरे वाचून काम करणे आता नित्याचे झाले आहे. जमिनीच्या उताऱ्यातील सर्व्हे क्रमांक वाचताना तीनाचा आकडा आठासारखा दिसला, तर ती चूक निस्तरण्यासाठी शेतकऱ्याला कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. मराठी मजकुरातील अनुस्वार आणि रफार तर त्याहूनही बारीक. त्यामुळे अधिक सुस्पष्ट मॉनिटर असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु संगणक एका कंपनीचा आणि मॉनिटर दुसऱ्या कंपनीचा असला, की कित्येकदा अपेक्षाभंग होतो. चित्र अंधुक दिसते, माउसचा बाण अडखळतो किंवा पडदा मधूनच काळा पडतो. मग मॉनिटर सदोष ठरवून परत पाठविला जातो. वास्तविक दोष पुष्कळदा मॉनिटरचा नसतो. कुळागराला पाणी नेणारा पाट जेथे सर्वांत अरुंद असेल, तेथून मावेल तेवढेच पाणी पुढे पोचते. संगणक, पोर्ट, केबल आणि मॉनिटर यांचेही तसेच आहे.

पिक्सेलचा हिशेब

पडद्यावरील चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनते, त्यांना पिक्सेल म्हणतात. फुल एचडी मॉनिटरवर १,९२० स्तंभ व १,०८० ओळी, म्हणजे एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात. फोर-के मॉनिटरवर ३,८४० स्तंभ व २,१६० ओळी असून त्यांची संख्या ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट होते. हे चित्र सामान्यतः सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवावे लागते. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी २४ बिट धरले, तर दर सेकंदाला सुमारे १,१९४ कोटी बिट केबलमधून जावे लागतात.

२००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ जोडणीतून चित्राचे कमाल ८१६ कोटी बिट जातात. त्यामुळे तिच्यावरून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पोचते आणि बाण अडखळतो. २०१३ च्या एचडीएमआय २.० ने ही मर्यादा १,४४० कोटींवर नेली. दोन्ही पोर्ट दिसायला मात्र एकसारखेच असल्याने फसगत होते. यूएसबी-सी पोर्टचीही तीच गत आहे. त्या आकाराच्या प्रत्येक पोर्टमधून चित्र जातेच असे नाही. १९८७ साली प्रचारात आलेले व्हीजीए पोर्ट जुन्या संगणकांवर अद्याप आढळते, परंतु फोर-के चित्रासाठी ते उपयोगी नाही.

ओळख न पटल्यास

मॉनिटर जोडताच तो आपल्या क्षमतेची माहिती संगणकाला कळवितो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मध्ये साधा कन्व्हर्टर असला, तर ही माहिती कधी कधी पोचत नाही. अशा वेळी संगणक कमी पिक्सेलचे चित्र पाठवितो. तेच ताणून मोठ्या पडद्यावर बसविले जाते आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात.

फोर-के पडद्यावर अक्षरे फार बारीक दिसतात, ही आणखी एक तक्रार असते. त्यावर रिझोल्यूशन कमी करणे हा उपाय नव्हे. रिझोल्यूशन पूर्ण ठेवून संगणकाच्या सेटिंगमध्ये स्केल १५० किंवा २०० टक्के करावे. तथापि, काही जुने प्रोग्राम अशा वाढीव आकारासाठी तयार केलेले नसल्याने त्यांतील अक्षरे तरीही अंधुक दिसतात. कार्यालयाचे मुख्य काम अशाच प्रोग्रामवर चालत असेल, तर खरेदीपूर्वी याचा विचार अवश्य व्हावा.

खरेदीपूर्वी व तक्रारीपूर्वी

संगणक कमाल किती रिझोल्यूशनचे चित्र, सेकंदाला किती वेळा देतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. दोन्ही बाजूंच्या पोर्टची आवृत्ती जुळते काय, याची खात्री करावी. पुरवठादाराकडून मॉनिटर कार्यालयातील त्याच संगणकाला जोडून दाखवून घ्यावा आणि नंतरच बिल मंजूर करावे.

अडचण आल्यास प्रथम केबल बदलावी, मग पोर्ट. काही मॉनिटरांत वेगवान जोडणीची सोय त्यांच्या मेनूतून सुरू करावी लागते, तीही तपासावी. संगणकाचे ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावे. सरतेशेवटी तोच मॉनिटर तोच केबल वापरून दुसऱ्या सक्षम संगणकाला जोडावा. तेथे चित्र स्वच्छ दिसले, तर मॉनिटर निर्दोष आहे असे समजावे.

संगणक जुनाच ठेवावयाचा असेल, तर त्याला पेलणारा फुल एचडी मॉनिटर घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. पंचायतीचा वा शाळेचा पैसा लोकांचा असतो. चौपट पिक्सेलचे मोल देऊन अंधुक चित्र पदरात घेण्यापेक्षा सामान्य मॉनिटरवर स्वच्छ वाचता येणारा उताराच लोकांच्या अधिक उपयोगी पडतो.