गॅरेजमधले तास जातात कुठे?

चार-पाच माणसांच्या मोटार गॅरेजमध्ये सकाळी दहाला जा नाहीतर दुपारी तीनला, कोणी रिकामे बसलेले दिसत नाही. तरी संध्याकाळी द्यायच्या चार गाड्यांपैकी दोनच तयार असतात आणि मालक फोनवर "उद्या अकरापर्यंत नक्की" म्हणत असतो. अशा वेळी मालकाचा पहिला संशय मिस्त्रीवर जातो. पोरे टंगळमंगळ करतात, मोबाईल बघतात, वगैरे. थोडे तथ्य त्यात असेलही. पण दिवसाचे बरेच तास खाते ते वाट बघणे आणि हातातले काम अर्धवट सोडून दुसऱ्या गाडीकडे धावणे. ही गळती पकडायची तर आधी तास मोजावे लागतात.

तासांचे तीन हिशेब

पगाराचे तास, गाडीवर लागलेले तास आणि बिलात लागलेले तास हे तीन आकडे वेगळे असतात.

समजा, तीन मिस्त्री आणि दोन हेल्पर असलेले गॅरेज आहे. महिन्याचे 26 दिवस, रोज 8 तास, म्हणजे तीन मिस्त्र्यांचे मिळून 624 तास झाले. त्यापैकी प्रत्यक्ष गाडीवर हात असलेला वेळ 460 तास निघाला आणि ग्राहकाकडून ज्याची मजुरी मिळाली तो वेळ 390 तास. विकत घेतलेल्या तासांपैकी 62 टक्क्यांच्या आसपासच विकले गेले.

आता खर्च बघू. मिस्त्र्यांचा पगार 72 हजार, हेल्परांचा 24 हजार, भाडे 30 हजार, वीज आणि किरकोळ 22 हजार, मालकाची स्वतःची मेहनत 40 हजार. (शेवटचा आकडा बरेच मालक धरतच नाहीत आणि मग नफा दिसतो तसा हातात का येत नाही याचे नवल करतात.) एकूण 1 लाख 88 हजार. याला 624 ने भागले तर तासाचा खर्च 301 रुपये दिसतो. पैसे मात्र 390 तासांचेच आले, म्हणून खरा खर्च तासाला 482 रुपये. शेजारच्याने 400 लावले म्हणून आपणही 400 लावणारा मालक प्रत्येक तासामागे 82 रुपये खिशातून घालतो. तोच मालक वाया जाणाऱ्यांपैकी 60 तास कामाला लावू शकला, तर खर्च 418 वर येतो. दर न वाढवता, कोणाला न रागावता.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो. छोट्या गॅरेजात मजुरी तासावर नव्हे तर कामावर सांगितली जाते, त्यामुळे स्वतःचे कोष्टक स्वतः करावे लागते. पुढचे ब्रेक पॅड तासाभरात होतात. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. जॉब कार्डवर काम सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहायची सवय लावली, की दोन-तीन महिन्यांत कोष्टक तयार होते. मिस्त्र्याला हे पहारा ठेवल्यासारखे वाटू शकते. म्हणून काम का थांबले याचे कारणही त्याच कार्डावर त्यालाच लिहू द्यावे. "पार्ट नाही", "पार्टीचा फोन नाही" या नोंदी बहुतेकदा मालकाच्याच टेबलाकडे बोट दाखवतात.

गळती कुठे

सर्वात मोठी गळती सुट्या भागांची. गाडी खोलली, लोअर आर्मचे बुश गेलेले दिसले, मागवले आणि आले ते दुसऱ्याच मॉडेलचे. पुण्यात नाना पेठेतून पार्ट तासा-दोन तासांत येऊ शकतो; तालुक्याच्या गावात तो उद्याच्या एसटी पार्सलने येतो आणि तोवर खोललेली गाडी रॅम्प अडवून बसते. उपाय साधा आहे, पाळायला कठीण. सकाळी आलेल्या सगळ्या गाड्या आधी फक्त तपासायच्या, अकराच्या आत पार्टची एकच यादी चॅसिस नंबरासकट दुकानदाराला द्यायची आणि पार्ट हातात आल्याशिवाय थांबू शकणारे काम खोलायचे नाही.

दुसरी गळती परवानगीची. जास्तीचे काम निघाले की ग्राहकाला फोन जातो, तो मीटिंगमध्ये असतो. झिजलेल्या पॅडचा फोटो, खर्च आणि लागणारा वेळ व्हॉट्सअॅपवर एकत्र गेला तर उत्तर लवकर येते. गाडी ताब्यात घेतानाच "इतक्या रुपयांपर्यंत न विचारता करा" अशी मर्यादा लिहून घेतली तर आणखी बरे.

गाड्यांची गर्दी हीसुद्धा गळतीच आहे. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम गॅरेजला तंतोतंत लागू पडतो. रोज सरासरी येणाऱ्या गाड्यांना प्रत्येकीच्या मुक्कामाच्या दिवसांनी गुणले की आवारात उभ्या असलेल्या गाड्या मिळतात. रोज 5 गाड्या आणि मुक्काम 3 दिवस, तर 15 गाड्या. मुक्काम 2 दिवसांवर आणला तर 10. गल्लीतल्या गॅरेजात या पाच गाड्यांचा फरक म्हणजे मागची गाडी काढायला पुढच्या तीन हलवण्याचा रोजचा खेळ वाचणे. त्यात हेल्परचा किती वेळ जातो, हे एकदा घड्याळ लावून बघावे.

फळ्यावर तास मांडा

बहुतेक गॅरेजांत दिवस गाड्यांवर मोजतात: आज सहा घेतल्या, उद्या सात. पण ऑइल बदलायची गाडी आणि हेड उतरवायची गाडी एकाच मापाने मोजून कसे चालेल? फळ्यावर प्रत्येक मिस्त्र्याच्या नावापुढे आठ तासांचे आठ रकाने आखावेत आणि गाडीला जितके तास लागतील तितक्या रकान्यांत तिचा नंबर लिहावा. दिवस भरला की तो फळाच नाही म्हणतो. मालकाला ग्राहकापुढे नाही म्हणणे जड जाते, ही आपल्याकडची जुनी अडचण.

रकाने सगळे भरू नयेत. रांगांच्या गणितातल्या सर्वात साध्या मांडणीत, काम करणारा 80 टक्के वेळ गुंतलेला असेल तर नव्या कामाला सरासरी चार कामांइतकी वाट बघावी लागते; 90 टक्क्यांवर ही वाट नऊ कामांची होते. गॅरेज त्या मांडणीइतके सरळ चालत नाही, पण कल तोच असतो. म्हणून तीन-चतुर्थांश तासच आगाऊ द्यावेत. उरलेले तास खोलल्यावर निघालेल्या कामाला आणि दारात टोचन करून आणलेल्या गाडीला लागतातच.

काही कामांत मिस्त्र्याला थांबणे भागच असते. एसीची गॅस लाइन व्हॅक्यूमवर असते, पुटी वाळायची असते, तापलेले इंजिन निवायचे असते. असा थांबा कुठे येणार हे माहीत असल्याने तिथे दुसऱ्या गाडीचे छोटे काम आधीच लावून ठेवता येते. मात्र एका मिस्त्र्याकडे दोनपेक्षा जास्त खोललेल्या गाड्या नकोत. तिसरी आली की नट-बोल्टांचे डबे एकमेकांत मिसळायला लागतात.

उस्तादाचे तास

प्रत्येक गॅरेजात एक उस्ताद असतो. आवाज ऐकून बेअरिंग सांगणारा. साहजिकच प्रत्येक अवघड गाडी त्याच्याकडे जाते, प्रत्येक पोरगा त्यालाच हाक मारतो आणि जुने ग्राहक त्याच्याशिवाय कोणाला बॉनेट उघडू देत नाहीत. तो अडला की सगळे गॅरेज अडते. त्याला ऑइल आणि फिल्टर बदलायला लावणे ही उधळपट्टी आहे. सकाळचे दोन तास फक्त निदान, मग एक मोठे काम, आणि दुपारी पोरांच्या कामाची ट्रायल असा त्याचा दिवस आखला तर बाकीचे हात मोकळे होतात. आयटीआयमधून आलेल्या पोराला आठवड्यातून एक मोठे काम त्याच्या शेजारी उभे राहून करू द्यावे. त्या दिवशी वेळ जास्त लागणार, तो फळ्यावर धरूनच चालावे.

निदानाच्या वेळेची मजुरी लावायला आपल्याकडचे मालक संकोचतात, कारण "नुसते बघायचे पैसे कसले?" हा प्रश्न ठरलेला. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झाल्यावर गाड्यांतले सेन्सर वाढले, डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर आला. स्कॅनर लावून कोड वाचणे पाच मिनिटांचे. त्या कोडमागे वायर तुटली आहे की सेन्सर गेला आहे हे शोधायला कधी दोन तास लागतात. तपासणीची वेगळी रक्कम आधी सांगावी आणि काम तिथेच केले तर हवी तर वळती करावी. ती रक्कम बिलावर दिसलीच पाहिजे, नाहीतर उस्तादाचे सर्वात महाग तास फुकट जातात.

इन्सेंटिव्हची धार

अमेरिकेत अनेक वर्कशॉपांत मेकॅनिकला कोष्टकातल्या तासांप्रमाणे पैसे मिळतात. तीन तासांचे काम दोन तासांत केले तरी मोबदला तीनचा, चार लागले तरी तीनचाच. यात हुशार माणूस कमावतो. पण किचकट इलेक्ट्रिकल काम कोणालाच नको असते, सोप्या कामांवरून भांडणे होतात आणि घाईत टॉर्क न लावता चाक बसवले जाण्याचा धोका असतो. विक्रीवर कमिशन लावले तर त्याहून वाईट होऊ शकते. 1992 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने सिअर्स कंपनीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांवर गरज नसलेली कामे ग्राहकांच्या गळ्यात मारल्याचा आरोप ठेवला. कमिशन आणि ठरवून दिलेले कोटे हे त्याचे कारण म्हणून पुढे आले आणि कंपनीला ती पद्धत बंद करावी लागली.

आपल्याकडे पगार पक्का ठेवून वर थोडा इन्सेंटिव्ह देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तोही वैयक्तिक नको, सगळ्या टोळीच्या विकल्या गेलेल्या तासांवर असावा. रिपीट आलेल्या कामाचे तास त्यातून वजा व्हावेत, पण पार्टच सदोष निघाला असेल तर तो फटका मिस्त्र्याच्या माथी मारू नये.

सुट्ट्या, जादा वेळ आणि चौथा मिस्त्री

गर्दी कधी येणार हे आपल्याकडे कॅलेंडरच सांगते. पावसाआधी वायपर, ब्रेक, टायर, गणपतीला कोकणात निघण्याआधी एसी आणि सस्पेन्शन, दिवाळीआधी सगळेच. नेमके त्याच गणपतीत कोकणातला मिस्त्री गावी जातो आणि दिवाळीनंतर छठला बिहारचा पोरगा. या सुट्ट्या आयत्या वेळी रोखण्यापेक्षा महिनाभर आधी फळ्यावर लिहाव्यात आणि त्या आठवड्यात गाड्या कमी घ्याव्यात.

गर्दीत मिस्त्र्यांना रात्री नऊपर्यंत थांबवणे हा सोपा मार्ग वाटतो. आठवड्याला 48 तास आणि त्यापुढे दुप्पट दर हा हिशेब 1948 च्या कारखाने कायद्यापासून चालत आला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बारा तास उभा राहिलेला माणूस ड्रेन प्लग हाताने लावून पाना फिरवायचा विसरतो, आणि त्याची किंमत इंजिनाइतकी असू शकते.

जादा वेळ सलग दोन-तीन महिने लागत असेल तर चौथा मिस्त्री घ्यायचा विचार करावा. त्याआधी जॉब कार्डांवरची थांबण्याची कारणे मोजावीत. "मिस्त्री मोकळा नाही" जास्त वेळा लिहिले असेल तर माणूस घ्यावा. "रॅम्प मोकळा नाही" असेल तर आधी दुसरी लिफ्ट. आणि "पार्ट नाही" हेच सगळीकडे दिसत असेल, तर नव्या माणसाच्या पगाराऐवजी आठवड्याला लागणारे फिल्टर, पॅड, बेल्ट आणि बुश यांचा छोटा साठा कपाटात भरावा.