द्राक्षवेलीचे गणित मांडणारे श्रीपाद दाभोळकर

द्राक्षासव, द्राक्षारिष्ट आणि द्राक्षावलेह यांपैकी एकही कल्प ज्याच्या औषधालयात नाही, असा वैद्य महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. चरकाचार्यांनी द्राक्षेला कंठ्य, श्रमहर आणि विरेचनोपग या तिन्ही गणांत स्थान दिले आहे, तर वाग्भटांनी तिला फळांमध्ये उत्तम ठरविले आहे. परंतु ही द्राक्षा कोणाच्या मळ्यात आणि कोणत्या रीतीने पिकते, याची विचारपूस आपण सहसा करीत नाही. आम्हीही अनेक वर्षे केली नव्हती. सांगलीहून बेदाण्याची पेटी यावी, वजन करून ती क्वाथाच्या पातेल्यात रिती करावी, एवढाच आमचा तिच्याशी संबंध होता. तो वाढला एका बिघडलेल्या खेपेमुळे. ती हकीकत पुढे येईलच. त्या निमित्ताने ज्यांच्या कार्याकडे आम्ही वळलो, त्या कै. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांचा परिचय आधी करून देतो.

साताऱ्याचे दाभोळकर घराणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. थोरले बंधू देवदत्त हे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. धाकटे बंधू डॉ. नरेंद्र यांनी वैद्यकीचा व्यवसाय सोडून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्याला वाहून घेतले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. श्रीपादरावांचा विषय गणित आणि पेशा अध्यापनाचा. शेतीशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. असे असूनही तासगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका संपूर्ण पिढीने त्यांना गुरुस्थानी मानले, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते.

सांगली जिल्ह्यातील तासगावचा परिसर कमी पावसाचा. तेथे थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात आली, तेव्हा बागायतदारांपुढे मोठाच पेच उभा राहिला. द्राक्षाचे शास्त्र थंड देशांत लिहिले गेलेले. तेथे वेल हिवाळ्यात पाने गाळून निद्रिस्त होते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडे तिला झोपच नाही! म्हणून येथे वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. घड दिसतो तो दुसऱ्या छाटणीनंतर. मात्र त्याचा गर्भ खरड छाटणीनंतरच्या सुमारे दोन महिन्यांत डोळ्यामध्ये तयार झालेला असतो. त्या काळात काडीवर पुरेसे ऊन पडले नाही, तर डोळा वांझ राहतो, आणि मालकाला ते कळते ऑक्टोबरनंतर. रोगाचा संचय एका ऋतूत आणि प्रकोप दुसऱ्या ऋतूत, हे आपण वैद्यांनी शेतकऱ्याला समजावून सांगायला नको आणि त्याने आपल्यालाही नको.

दाभोळकरांनी या पेचावर तयार उत्तरांची पुस्तिका वाटली नाही. त्यांनी शेतकऱ्याला मोजायला लावले. वेलीवर पाने किती, एका घडाच्या वाट्याला किती येतात, पानाचे क्षेत्रफळ किती, त्यावर दिवसभरात ऊन किती पडते आणि त्या उन्हातून साखर किती बनू शकते, असा हिशेब त्यांनी बागेतच मांडला. पान म्हणजे ऊन साठविणारा कारखाना आणि सावलीत दडपलेले पान म्हणजे वेलीच्या शिरावरचा भार, ही गोष्ट अशा मोजणीतून अल्पशिक्षित बागायतदारालाही उमगली. एकाने आपल्या बागेत केलेला प्रयोग पत्राने दुसऱ्याला कळवायचा, त्याने तो आपल्या मातीत पडताळायचा आणि फसला तर तेही लपवायचे नाही. या देवाणघेवाणीला त्यांनी ‘प्रयोग परिवार’ असे नाव दिले. त्यात व्याख्याता कोणी नाही आणि श्रोताही कोणी नाही. पुढे द्राक्षाबाहेरच्या पिकांतही हीच पद्धत त्यांनी नेली. त्यांचा ‘प्लेंटी फॉर ऑल’ हा इंग्रजी ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला.

पाहण्याची अशी सवय लागलेल्या तालुक्यात काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणजे तास-ए-गणेश ही जात. बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतील वेगळेपण हेरून ती निवडली. तिच्याखाली पुढे महाराष्ट्रातील मोठे क्षेत्र आले.

येथे जर्मनीतील एक दाखला आठवतो. हेर्मान म्युलर (१८५०–१९२७) हे मूळचे स्वित्झर्लंडमधील थुर्गाउचे. गायझेनहाईम येथील द्राक्षसंस्थेत त्यांनी १८८२ साली संकर करून जी जात निर्माण केली, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रिझलिंग आणि सिल्व्हानर हे तिचे आईबाप, असे शंभर वर्षे सर्वांनी मानले. विसाव्या शतकाच्या अखेरीस आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा सिल्व्हानर नव्हे तर मादलेन रॉयाल हा दुसरा जनक ठरला. प्रयोगशाळेतील नोंदवहीतही चूक राहते, तर आपल्या स्मरणावर विसंबून चालणाऱ्या औषधशाळांचे काय?

आता आमच्या खेपेविषयी. एका वर्षी द्राक्षारिष्टाचे संधान आठवडा उलटला तरी सुरू होईना. शार्ङ्गधरोक्त प्रमाण बरोबर होते, गूळ जुना होता, पात्राचे धूपनही यथाविधी झाले होते. पात्राला कान लावला, तर आवाज नाही. पेटती काडी तोंडाशी धरली, तर ती शांतपणे जळत राहिली. आम्ही धायटीच्या फुलांना दोष दिला. दोष बहुधा बेदाण्याचा होता. त्या वर्षी आम्ही हौसेने अगदी उजळ, सोनेरी माल घेतला होता.

सांगली परिसरात बेदाणा सावलीच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या मांडवांवर सुकवितात. सालीवरील मेणाचा थर मोकळा व्हावा म्हणून द्राक्षे प्रथम पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवितात. त्यामुळे सुमारे पंधरवड्यात माल वाळतो. रंग उजळ राहावा म्हणून पुष्कळदा गंधकाची धुरी देतात. खाण्याच्या बाजारात हे सर्वमान्य आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही त्याच्या गुणवत्तेचेच फळ. पण गंधकाच्या धुरातील हाच वायू मद्यनिर्माते रसातील नको असलेले जंतू आवरण्यासाठी हेतुपुरस्सर वापरतात. आपले संधान तर किण्वावरच जगते. क्वाथ उकळताना या वायूचा काही अंश निघून जातो, तथापि सगळाच जातो असे गृहीत धरू नये.

बिनबियांचे द्राक्ष औषधाला चालेल काय, असा आक्षेप काही वैद्यबंधू घेतात. भावमिश्रांनी बीजरहित लहान द्राक्षा गुणांनी गोस्तनीसारखीच मानली आहे, त्यामुळे आम्हांस हा आक्षेप ग्राह्य वाटत नाही. प्रश्न बीजाचा नसून धुरीचा आहे. खरेदीच्या वेळी व्यापाऱ्याला ते स्पष्ट विचारावे. रंगाने मळकट पण धुरी न दिलेला माल मागितला, तर तो मिळतो.

त्यानंतर आम्ही दाभोळकरांची रीत औषधशाळेत आणली. दोन बरण्या, एकच गूळ, एकाच वजनाचा बेदाणा. एकीत धुरीचा, दुसरीत बिनधुरीचा. रोजचे तापमान, आवाज, काडीची परीक्षा आणि प्रक्षेप तळाशी बसल्याचा दिवस, एवढ्याच नोंदी. आमच्याकडे बिनधुरीची बरणी आधी बोलू लागली. दोन बरण्यांवरून सिद्धांत होत नाही, हे आम्ही जाणतो.

नवा बेदाणा फाल्गुन-चैत्रात बाजारात येतो. ज्या औषधी निर्मात्यांना शक्य असेल त्यांनी अशाच दोन बरण्या लावून, तारखा आणि वजनांसह, निष्कर्ष आमच्याकडे पाठवावेत. फसलेल्या बरण्यांच्या नोंदीही अवश्य पाठवाव्यात.