आवाज गेला, श्वासाचं काय?

बारामतीत 1938 साली जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1958 मध्ये बाहेर पडलेले कुमार पटेल पुढे अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. 1964 मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर जगापुढे आणला. त्याचा अदृश्य किरण पाण्यात झटकन शोषला जातो, आणि शरीराचे मऊ भाग तर पाण्यानंच भरलेले असतात. त्यामुळे कापायची जागा क्षणात वाफ होऊन उडते आणि रक्तही फारसं येत नाही. 1972 च्या सुमारास बॉस्टनमधल्या शल्यविशारदांनी तो स्वरयंत्रावर चालवला. घोरणाऱ्यांच्या टाळूपर्यंत पोचायला त्याला आणखी अठरा वर्षं लागली.

मधल्या काळात घोरण्याकडे पाहण्याची नजरच बदलली. ‘घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय’ हा समज घरोघरी होता, आजही आहे. 1965 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांच्या श्वासाची आणि मेंदूच्या लहरींची रात्रभर नोंद घेतली, तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं. घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, छाती-पोट श्वासासाठी धडपडतं आणि हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरत जातो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि एक मोठा घोर बाहेर पडतो. काहींच्या बाबतीत हे एका रात्रीत शेकडो वेळा घडतं. सकाळी माणसाला यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते फक्त जड डोकं. 1976 मध्ये स्टॅनफर्डच्या गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ हे नाव दिलं.

निदान झालं, पण उपाय भयंकर होता. गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवायची. त्यातून सुटकेच्या दोन वाटा 1981 या एकाच वर्षात निघाल्या. अमेरिकेत फुजिता यांनी पडजीभ आणि टाळूचा काही भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष मांडले. सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालणारं यंत्र जोडून पाच रुग्णांच्या नाकातून हवेचा सौम्य दाब दिला आणि त्यांचे घसे रात्रभर उघडे राहिले. तेच आजचं सीपॅप. ते गुणकारी आहे, तरी नाकावर मास्क चढवून रोज झोपायचं म्हटलं की अनेकांचा जीव गुदमरतो. यंत्र काही महिन्यांत कपाटात जातं.

ही नावड आणि शस्त्रक्रियेची भीती यांच्यामध्ये जी जागा मोकळी होती, ती पॅरिसच्या इव्ह-व्हिक्टर कामामी यांनी हेरली. 1990 मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. रुग्ण खुर्चीत बसलेला, घसा औषधानं बधिर केलेला. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना कार्बन डायऑक्साइड लेझरनं उभ्या खाचा पाडायच्या, पडजीभ आखूड करायची आणि रुग्णाला घरी पाठवायचं. काही आठवड्यांनी पुढची बैठक. व्रण भरताना टाळू आवळला जातो, फडफड कमी होते. घसा आठ-दहा दिवस चांगलाच दुखायचा, पण भरती व्हायला नको, पूर्ण भूल नको. नव्वदच्या दशकात ही पद्धत युरोप-अमेरिकेत झपाट्यानं पसरली.

यशाचं मोजमाप कसं होत होतं, हे इथे पाहायला हवं. बहुतेक ठिकाणी बायकोला किंवा नवऱ्याला विचारलं जाई : आवाज कमी झाला का? उत्तर ‘हो’ आलं की काम फत्ते. श्वास किती वेळा अडतो, प्राणवायू किती उतरतो, हे उपचारानंतर पुन्हा मोजणारे थोडे होते. ही साधी ढिलाई नव्हती; आजार आणि त्याचा आवाज यांत गल्लत झाली होती आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली. 2001 मध्ये अमेरिकेतल्या झोपविकारतज्ज्ञांच्या संस्थेनं झोपेतल्या श्वासविकारांसाठी ही पद्धत वापरू नये, असं सांगितलं. 2017 मध्ये 23 अभ्यासांतल्या 717 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे स्वतंत्रपणे उपलब्ध होते, त्यांच्यापैकी 44 टक्के जणांचा अ‍ॅप्निया उपचारानंतर वाढलेला होता. व्रणानं आवळलेली घशाची वाट आणखी अरुंद होऊ शकते. फडफड थांबते, अडथळा राहतो आणि सावध करणारा आवाजही जातो.

आज ‘शस्त्रक्रियेविना लेझर’ म्हणून जो उपचार दिला जातो, तो याच्यापेक्षा वेगळा आहे. त्यात एर्बियम-याग लेझर वापरतात. त्याची तरंगलांबी 2,940 नॅनोमीटर. पाणी त्याला कार्बन डायऑक्साइडच्या किरणापेक्षाही कितीतरी पट अधिक शोषतं, म्हणून त्याची उष्णता अगदी वरच्या थरातच राहते. दातांच्या कामासाठी अमेरिकेत त्याला 1997 मध्ये परवानगी मिळाली होती. स्लोव्हेनियातल्या फोटोना कंपनीनं किरणाचे स्पंद असे बसवले की टाळू कापला न जाता केवळ तापतो. त्या उष्णतेनं कोलॅजनचे धागे आकसतात आणि पुढच्या आठवड्यांत नवं कोलॅजन तयार होतं. 2013 मध्ये या पद्धतीवरचा सुरुवातीचा वैद्यकीय लेख आला. साधारणपणे सहा आठवड्यांत तीन बैठका होतात. भूल लागत नाही, जखम होत नाही. मुंबई-पुण्यातल्या काही दंतवैद्यांकडेही आता हे यंत्र दिसतं. परिणाम कायमचा नसतो, वर्षभरात पुन्हा बैठक घ्यावी लागते.

जखम नाही, ही प्रगती खरी आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं. आवाज कमी झाल्याचं अनेक जोडीदार सांगतात. मात्र अभ्यास बहुतेक छोटे आणि थोड्या काळाचे आहेत, आणि अ‍ॅप्निया बरा होतो असं म्हणण्याइतका पुरावा त्यांतून हाती आलेला नाही. नव्वदच्या दशकातला प्रश्न नव्या यंत्रासमोरही तसाच उभा आहे.

आपल्याकडे अ‍ॅप्निया किती पसरलेला आहे, हे मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांच्या 2004 च्या अभ्यासानं दाखवलं. 35 ते 65 वयाच्या शहरी पुरुषांत झोपेतल्या श्वासाची गडबड 19.5 टक्क्यांना होती. दिवसा पेंग येण्यासारख्या लक्षणांसह पूर्ण विकार 7.5 टक्क्यांना. तरीही ‘स्लीप अ‍ॅप्निया’ हा शब्द घराघरांत पोचला तो फेब्रुवारी 2022 मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरींच्या निधनाच्या बातम्यांतून.

दरम्यान इतर वाटाही रुंदावल्या. 2009 मध्ये ब्राझीलमध्ये जीभ-घशाच्या व्यायामांचा फायदा दिसला, 2014 मध्ये जिभेच्या मज्जातंतूला चेतना देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि 2024 च्या डिसेंबरात लठ्ठ रुग्णांच्या अ‍ॅप्नियासाठी टिर्झेपटाइड या औषधालाही.

म्हणून लेझरच्या खुर्चीत बसण्याआधी एक रात्र स्लीप स्टडीला, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या चाचणीला द्यायला हवी. ती आता घरीही करता येते. तासाला पाचापेक्षा कमी वेळा श्वास अडत असेल, तर त्रास मुख्यतः आवाजाचा आहे आणि लेझरचा विचार करायला हरकत नाही. आकडा 15 च्या वर गेला तर आधी सीपॅप. मधल्या गटानं लेझर घेतलाच, तर शेवटच्या बैठकीनंतर काही महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करून घ्यावी, कारण तोवर घोरणं थांबलेलं असेल आणि श्वास अडल्याचं शेजारी झोपलेल्यालाही कळणार नाही.