घोडी पाळायची तर गोठ्यातला चारा बाजूला ठेवा

बारामती-इंदापूर भागात घोडी घेण्याचा विचार करणारे बरेच शेतकरी दूध उत्पादक असतात. गोठा आहे, नेपियर आहे, मुरघास आहे, गळीत हंगामात उसाचे वाढे मिळतात. त्यातच एक घोडी निघून जाईल, असा त्यांचा हिशेब असतो. चूक इथेच होते. घोडा रवंथ करत नाही. गाय ज्या चाऱ्यावर दूध देते, त्यातला बराचसा चारा घोड्याला त्रासदायक आणि काही थेट जिवावर बेतणारा आहे. पोटशुळाची एक रात्र वर्षभर वाचवलेले पैसे खाऊन जाते आणि एवढे करून जनावर वाचेलच असे नाही.

या भागाला घोडा नवा नाही. भीमेच्या काठचा काटक भीमथडी घोडा मराठ्यांच्या फौजेत होता. आज तो मुख्यतः मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचे बिऱ्हाड वाहतो. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही अलीकडे त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. धनगरांना हा घोडा परवडतो, कारण तो दिवसभर चालत थोडे थोडे वाळले गवत खात राहतो. घोड्याचे पोट लहान असते आणि ते असेच सतत, थोडे थोडे चालावे लागते. लग्नाच्या वरातीसाठी किंवा रिंगणासाठी दाव्याला बांधून ठेवलेल्या घोडीला हेच जमेल तितके मिळाले पाहिजे.

काय देऊ नये

नेपियर आणि उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट जास्त असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू त्यातले बरेचसे तोडतात; घोड्याला ही सोय नाही. महिनोन्‌महिने हाच चारा दिला तर हाडे ठिसूळ होतात, तोंडाची हाडे सुजतात, घोडी लंगडू लागते. वर गव्हाचा कोंडा दिला तर फॉस्फरस वाढून दुखणे आणखी बळावते.

मुरघासाचा मोह टाळावा. गाईला कडेचा बुरशीचा थर काढून देणारे आहेत (तेही बरोबर नाही), पण घोड्याला थोडी बुरशीही महागात पडते. बुरशी लागलेल्या मक्यातल्या विषाने मेंदूला इजा होते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेले ते गेले. कोवळी ज्वारी आणि कडवळही नको. दीर्घकाळ हिरवी ज्वारी खाल्लेल्या घोड्यांत मूत्राशय आणि मागच्या पायांचे दुखणे येते.

सर्वांत घातक गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. काही पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन हे औषध असते. गाईला ते चालते, पण घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंचा नाश करते. म्हणून गाईची पेंड घोडीच्या तोबऱ्यात जाऊ देऊ नये आणि दोन्हींचे घमेलेही वेगळे ठेवावे.

वर्षाचे नियोजन

आधी वजन काढावे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेर × घेर × लांबी ÷ ११,९०० हे अंदाजे वजन किलोत येते. घेर १५५ आणि लांबी १५० असेल तर घोडी साधारण ३०० किलोची.

अशा घोडीला रोज वजनाच्या २ टक्के, म्हणजे ६ किलो कोरडा आहार लागतो. आपल्याकडे याचा सर्वांत स्वस्त कणा म्हणजे रब्बी ज्वारीचा वाळलेला कडबा. रोज ५ किलो कडबा धरून नासाडीसह वर्षाला २ टन लागतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होताच एकदम घ्यावा. पावसाळ्यात भाव आणि बुरशी दोन्ही वाढतात. पेंढीचा आकार गावोगाव बदलतो, म्हणून दहा पेंढ्या तोलून मगच शेकड्याचा भाव ठरवावा. कुट्टी दोन-तीन इंचांची ठेवावी. फार बारीक कुट्टी न चावता गिळली जाते.

कडब्यात प्रथिने आणि कॅल्शियम कमी असते. ती उणीव लसूणघास भरून काढतो. रोज ४ किलो हिरवा लसूणघास पुरतो आणि तेवढ्यासाठी चांगले पाणी असलेले दोन गुंठे पुरेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरल्यास साधारण दोन महिन्यांनी पहिली कापणी, पुढे दर २५ ते ३० दिवसांनी. मी पिकाचा माणूस असल्याने पक्षपाती असेन, पण घोडीच्या खर्चातली सर्वांत फायद्याची जमीन हीच.

चंदी कामापुरतीच द्यावी. रिकाम्या घोडीला दाणा लागत नाही. काम असताना भिजवलेला हरभरा किंवा भरडलेले जव एकूण १ किलो, तेही दोन वेळा विभागून. लग्नसराईच्या आधी चंदी १०-१५ दिवसांत हळूहळू वाढवावी. वरातीहून आल्यावर कौतुकाने भरलेले घमेले पुढे करणे हे पोटशुळाला आमंत्रण आहे. कडबा दिवसातून तीन-चार वेळा द्यावा आणि शेवटचा रात्री उशिरा. रोज २५-३० ग्रॅम मीठ, २५ ते ३० लिटर पाणी. उन्हाळ्यात त्याहून जास्त.

जिथे काटकसर नको

धनुर्वाताची लस दरवर्षी टोचून घ्यावी, घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. जंतनाशक लीद तपासून द्यावे. दात वर्षातून एकदा तपासावेत. चंदी सांडत असेल तर दोष दाताचा असू शकतो. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावेत. डांबरी रस्त्यावर काम नसेल तर नाल ठोकण्याची गरज बहुधा नसते, तो खर्च वाचतो.

अकलूज किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी घेताना ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हा रोग माणसालाही होतो.

घोडी घेण्याआधी एक चौकशी जरूर करावी: आपल्या भागात घोडे तपासणारे पशुवैद्यक कोण आहेत आणि रात्री किती वेळात पोहोचतील. घोडी पाय आपटते, वळून कुशीकडे पाहते, लोळते, लीद बंद होते, ही पोटशुळाची लक्षणे. अशा वेळी चारा काढून घ्यावा, घोडी उभी राहत असेल तर सावकाश चालवावे आणि फोन करावा. तोंडात बाटली घालून तेल पाजू नये. ते फुप्फुसात उतरते.