अर्धशिशीशी जुळवून घेताना

डोकेदुखी ही सर्वांत परिचित आणि कदाचित म्हणूनच सर्वांत उपेक्षित अशी तक्रार आहे. ताप मोजता येतो, सूज डोळ्यांना दिसते, मोडलेले हाड क्ष-किरण चित्रात दाखविता येते. ठणकणाऱ्या डोक्याला मात्र रुग्णाच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसतो. त्यातून रुग्ण दहा वर्षांचे मूल असेल, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जाईलच असे नाही. वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी स्वतः अर्धशिशीची रुग्ण आहे आणि व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ आहे. तपासणाऱ्याच्या खुर्चीतून आणि अंधाऱ्या खोलीतल्या खाटेवरून, अशा दोन्ही बाजूंनी हे दुखणे मी पाहिले आहे. त्या परिचयाच्या बळावर हे चार शब्द.

जुने दुखणे, व्यापक दुखणे

आपल्या कमलनगर परिसरात एकाच दिवशी, एकाच बाकावर बसलेले रुग्ण या व्यथेला वेगवेगळी नावे देतात. कोणी अर्धशिशी म्हणतो, कोणी उर्दू वळणाने आधासीसी, तर कन्नडभाषक माता नुसतेच ‘तलेनोवु’ म्हणून थांबते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोगांमध्ये ‘अर्धावभेदक’ गणला आहे. अर्धे मस्तक भेदणारी, दहा दिवसांनी वा पंधरवड्याने उलटणारी वेदना असे त्याचे वर्णन आहे. ‘मायग्रेन’ हा शब्दही ‘अर्धे मस्तक’ याच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. दोन दूरच्या परंपरांनी एकच लक्षण टिपावे, यावरून हे दुखणे किती जुने आणि किती ठळक आहे ते दिसते.

त्याची व्याप्ती आपल्या राज्यातच मोजली गेली आहे. बंगळुरू शहर व भोवतालच्या ग्रामीण भागातील १८ ते ६५ वयोगटाच्या सुमारे २,३०० व्यक्तींची घरोघरी जाऊन केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचे प्रमाण तीत सुमारे २५ टक्के, म्हणजे चौघांत एक, इतके आढळले. स्त्रियांत ते अधिक होते. डोकेदुखी हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे हा समजही या पाहणीने खोडून काढला. खेड्यांतील प्रमाण शहरापेक्षा कमी नव्हते.

मुलांची अर्धशिशी

स्वीडनमधील बालरोगतज्ज्ञ बो बिले यांनी १९६२ मध्ये उप्साला येथील सुमारे ९,००० शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि बालवयातील अर्धशिशीला वैद्यकात मानाचे स्थान मिळाले. तीव्र त्रास असलेल्या ७३ मुलांचा मागोवा त्यांनी चाळीस वर्षे घेतला. पन्नाशीला पोहोचल्यावरही त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना झटके येतच होते. म्हणजे अनेकांच्या बाबतीत हे जन्माचे सोबती असते; म्हणूनच त्याच्याशी वागावे कसे, हे लहानपणीच शिकविलेले बरे.

मुलांत हे दुखणे ओळखताना ‘अर्ध’ या शब्दाने फसू नये. लहान मुलांचे बहुधा संपूर्ण कपाळ दुखते. झटका दोन तासांतही ओसरतो. चेहरा पांढुरका पडतो, मळमळ वा उलटी होते. मूल स्वतःहून खेळ सोडून अंधारात जाऊन पडते आणि झोपून उठले की जणू काही घडलेच नाही अशा रीतीने हुंदडू लागते. हीच ‘झोपेनंतरची टवटवी’ शिक्षकांना व पालकांना ढोंगाची वाटते. वस्तुतः ती निदानाची खूण आहे. आई, मावशी वा आजी यांपैकी कोणाला असा त्रास होता का, हे विचारले की उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी येते. मग तेच मूल ‘अभ्यासाला कंटाळलेले’ न राहता एका कुळाचा वारसा सांगणारे ठरते.

पालक बहुधा चष्मा, सायनस किंवा पित्त या तीन कारणांपैकी एक मनाशी घेऊन येतात. दृष्टी अवश्य तपासावी. पण वारंवार ठणकणाऱ्या, उलटी होणाऱ्या डोकेदुखीचे मूळ चष्म्यात क्वचितच सापडते. पित्ताचेही तसेच. उलटी हे झटक्याचे कारण नसून त्याचाच एक भाग आहे.

निमित्ते आपल्या घरातली

अर्धशिशीचा मेंदू बदलाला फार हळवा असतो. जेवणाची वेळ टळणे, झोप कमी वा अती होणे, ऊन, प्रवास आणि मासिक पाळी ही नेहमीची निमित्ते. सकाळी केवळ चहा घेऊन शाळेची गाडी पकडणारे मूल, एकादशी वा नवरात्र करणारी गृहिणी, रोजा धरणारी माता, आणि दुपारी चार वाजता जेवणारे आपण डॉक्टर मंडळी हे सर्व एकाच वाटेचे प्रवासी आहेत. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ भारतीय रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना डोक्यावरून न्हाल्यानंतर झटका येत असे. आपल्या आजीने हे केव्हाच सांगितले होते. पाश्चात्त्य ग्रंथांत मात्र ते सापडत नव्हते.

प्रत्येकाची निमित्ते निराळी असल्यामुळे मी प्रत्येक मुलाला एक साधी वही घालायला सांगते. तारीख, वेळ, आधीचे जेवण, झोप आणि घेतलेली गोळी एवढ्याच नोंदी. माझ्या स्वतःच्या वहीने मला दाखवून दिले की, माझे बहुसंख्य झटके चुकलेल्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जागरणानंतर येतात. औषधाच्या कपाटापेक्षा शिळी भाकरी वेळेवर खाणे मला अधिक उपयोगी पडले.

गोळी : लवकर, पुरेशी आणि मोजकी

झटका सुरू होताच मुलांना वजनाच्या हिशेबाने औषध द्यावे: आयबुप्रोफेन दर किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम. ‘बघू, थांबते का’ म्हणत तासभर घालविला की तीच गोळी निष्प्रभ ठरते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस, आणि अर्गोटामिन, ट्रिप्टान वा मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्या गोळ्याच रोजची डोकेदुखी निर्माण करतात. पदराच्या गाठीला गोळी बांधून वावरणारी गृहिणी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली असेल. तिला नवी गोळी नको असते. जुनी सोडविणारा हात हवा असतो.

झटके फार असल्यास प्रतिबंधक औषधांचा विचार करावा. तथापि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष विसरू नयेत. ८ ते १७ वर्षांच्या मुलांत अ‍ॅमिट्रिप्टिलिनने ५२ टक्के, टोपिरामेटने ५५ टक्के, तर निव्वळ औषधविरहित गोळीने ६१ टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने वा अधिक घटले. याचा अर्थ मुले ढोंगी होती असा नव्हे. नियमित तपासणी, समजावणी आणि कोणीतरी आपले ऐकते आहे हा दिलासा हेही सुधारणेला हातभार लावत असावेत, असे मी यातून समजते. ग्रामीण डॉक्टरजवळ हे औषध मुबलक असते.

केव्हा थांबू नये

पहाटे झोपेतून उठविणारी डोकेदुखी, दिवसेंदिवस वाढणारा त्रास, सकाळच्या उलट्या, तिरळेपणा, चालताना तोल जाणे, झटके येणे, तापासह मान ताठणे किंवा पाच वर्षांखालील मुलाची डोकेदुखी दिसल्यास तत्काळ पुढील तपासणी करावी. क्षयजन्य मेंदूज्वर व मेंदूतील जंतगाठी आपल्याकडे विसरून चालणार नाही. प्रत्येक मुलाचा रक्तदाब मोजावा आणि डोळ्यांचा पडदा पाहावा. हे सर्व निर्दोष असेल तर स्कॅनची घाई अनावश्यक असते.

अर्धशिशी बहुधा पूर्ण बरी होत नाही, पण आटोक्यात येते. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, योग्य वेळी योग्य मात्रा आणि नोंदवही एवढ्यावर बहुतेकांचे जीवन सुसह्य होते. शिक्षकांना माझी एकच विनंती आहे की, मुलाने ‘डोके ठणकते’ म्हटले तर त्याला शांत, अंधाऱ्या जागी अर्धा तास पडू द्यावे आणि पाण्याचा पेला द्यावा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी, दुपारचे जेवण पुढे ढकलण्यापूर्वी, स्वतःसाठीही हेच नियम पाळावेत.