ढोलकलच्या एका दिवसाच्या डोंगरवाटेसाठी पाठपिशवीत काय असावे?

रायपूर : थंडीची चाहूल लागताच रायपूर, भिलाईपासून थेट नागपूरपर्यंतचे पर्यटक बस्तरकडे वळतात. चित्रकोट आणि तीरथगढ धबधब्यांच्या जोडीला दंतेवाडा जिल्ह्यातील ढोलकलची वाट चढणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. बैलाडिला डोंगररांगेतील या शिखराच्या उघड्या कातळावर नागवंशी राजवटीच्या काळातील मानली जाणारी, सुमारे तीन फूट उंचीची गणेशमूर्ती आहे. जानेवारी 2017 मध्ये ती दरीत पाडण्यात आल्याचे आढळले होते. त्यानंतर तिचे तुकडे शोधून, जोडून ती पुन्हा मूळ जागी बसविण्यात आली.

रायपूरपासून जगदलपूर सुमारे 300 किलोमीटर, तर तेथून दंतेवाडा आणखी सुमारे 80 किलोमीटर अंतरावर आहे. फरसपाल गावाच्या परिसरातून पुढचा प्रवास दाट जंगलातील पायवाटेने करावा लागतो. चढ अवघड नसला, तरी वाटेत पाय मुरगळल्यास मदत मिळण्यास वेळ लागू शकतो. त्यामुळे ‘वर जाण्यासाठी काय लागेल’ यापेक्षा ‘परतण्यास उशीर झाला तर काय लागेल’ हा विचार करून पिशवी भरणे हिताचे ठरते.

अंधार लवकर पडतो

महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा अंदाज अनेकदा येथेच चुकतो. मुंबई आणि दंतेवाडा जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मात्र रेखांशात सुमारे साडेआठ अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटे याप्रमाणे दंतेवाड्यात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 34 मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरच्या प्रारंभी मुंबईत सहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त येथे साडेपाचच्या आतच होतो आणि झाडीत अंधार त्याहूनही आधी दाटतो. म्हणून प्रत्येकाकडे स्वतंत्र विजेरी असावी. मोबाईलच्या उजेडावर विसंबल्यास संपर्काचे साधनच बंद पडण्याचा धोका असतो. पॉवर बँक आणि शिट्टीही सोबत ठेवावी. चुकलेल्या माणसाचा आवाज बसतो, शिट्टीचा बसत नाही.

पाणी आणि शिदोरी

चालताना तासाला सुमारे अर्धा लिटर पाणी लागते. सहा तासांच्या फेरीसाठी प्रत्येकी तीन लिटर पाणी खालूनच न्यावे. शिखरावर पाणी मिळेल, असे गृहीत धरू नये. ओआरएसची एक लिटरसाठीची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावी. अर्ध्या बाटलीत विरघळवल्यास क्षारांचे प्रमाण वाढून ती अपायकारक ठरू शकते. खाण्यासाठी दशम्या, गूळ-शेंगदाणे, चिक्की किंवा छत्तीसगढच्या घराघरांत होणारी ठेठरी-खुरमी असे न नासणारे पदार्थ उत्तम.

औषधे आणि प्रथमोपचार

क्रेप बँडेज, जंतुनाशक, चिकटपट्टी, कापूस आणि नियमित औषधांची एक जादा मात्रा एवढे साहित्य पुरेसे आहे. सर्पदंशासाठी ब्लेड किंवा आवळण्याची दोरी मात्र नेऊ नये. जखम कापणे, विष चोखणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे धोकादायक आहे. दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवून, रुग्णाला न चालवता शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर देशात उपलब्ध असलेले प्रतिविष एकच आहे; मात्र ते रुग्णालयातच देता येते.

बस्तर हा हिवतापप्रवण भाग असल्याने पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे, मजबूत पकडीचे बूट आणि डास प्रतिबंधक मलम आवश्यक आहे. परतल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आल्यास रक्ततपासणी करून घ्यावी आणि बस्तरला जाऊन आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

काय नेऊ नये

उग्र सुगंधी द्रव्ये टाळावीत. त्यांनी आग्या मोहोळाच्या माश्या चवताळू शकतात. काड्यापेटी, फटाके आणि मोठ्या आवाजाचे स्पीकर यांना जंगलात स्थान नाही. मोहफुले गळण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये ती खाण्यासाठी अस्वले झाडांखाली येतात. त्या काळात पहाटे आणि सायंकाळी वाट टाळावी. उघड्या कातळाच्या कडेला उभे राहून छायाचित्रे काढण्याचा मोहही आवरावा.

निघण्यापूर्वी

वाटेतील परिस्थिती आणि सुरक्षेबाबत स्थानिक पोलीस व वन विभागाकडे चौकशी करावी आणि गावातील वाटाड्याला सोबत घ्यावे. जंगलात मोबाईलला संपर्क मिळेलच असे नाही. त्यामुळे कोण, कोठे आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे कागदावर लिहून मुक्कामाच्या ठिकाणी किंवा घरी द्यावे. संपर्क असल्यास 112 या आपत्कालीन क्रमांकावर किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 वर दूरध्वनी करता येतो.

पिशवीत शेवटी एक रिकामी कापडी थैलीही ठेवावी. वेष्टने आणि बाटल्या त्यात भरून परत आणल्यास डोंगराखालील गावकऱ्यांना पाहुण्यांचा कचरा उचलत बसावे लागणार नाही.